पोहायला येतं, पण पाण्यात श्वास घेता येतो का?

सोमवारी बेल्ह्याचा बाजार असतो. आसपासच्या गावांतली माणसं बाजार करतात आणि जाता जाता दवाखानाही उरकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या अशाच एका सोमवारी एक वडील अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले.

"डॉक्टर, याला दमा आहे का बघा. पोहायच्या क्लासला घातलाय. पालथा पोहतो तेव्हा ठीक असतो. उताणा झाला की दोन मिनिटांत धापा टाकतो. शिकवणारे म्हणतात, छाती कच्ची आहे."

मी छाती तपासली. शिट्टीसारखा आवाज कुठेच नव्हता. पीक फ्लो मीटरमध्ये फुंकायला लावलं, आकडा त्याच्या उंचीच्या मानाने चांगला आला. रात्रीचा खोकला नाही, खेळताना धाप नाही, घरात कुणाला दमा नाही. मग मी त्या मुलालाच विचारलं, "उताणा पोहताना श्वास कसा घेतोस रे?"

तो म्हणाला, "घेत नाही. धरून ठेवतो. सोडला तर बुडीन ना!"

छाती ठणठणीत होती. खोट शिकवणीत होती. वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पण डॉक्टर, उताणं पोहताना तोंड वरच असतं. त्यात श्वासाचं काय शिकवायचं?"

हा प्रश्न मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे. पालकांकडून ऐकला, शिकवणाऱ्यांकडून ऐकला आणि कंबरदुखीसाठी "पाठीवर पोहा" असा सल्ला मिळालेल्या पेशंटकडूनही ऐकला. म्हणून आज जरा स्पष्टच लिहितो. आपण मुलांना पोहणं उलट्या क्रमाने शिकवतो. आधी हात, मग पाय, मग वेग आणि श्वास कधीच नाही. माझं म्हणणं असं की पहिला धडा उताणं पडून शांतपणे श्वास घेण्याचा असला पाहिजे. आपल्या भागात तर हा जिवाचा प्रश्न आहे. का, ते समजून घेऊ.

भोपळा पाठीवर नाही, छातीत आहे

पूर्वी विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचे. पुढे तेलाचा रिकामा डबा आला, मग प्लास्टिकचा कॅन आला. त्यांचं काम एकच, आत हवा साठवून माणसाला वर उचलून धरायचं. पण निसर्गाने असे दोन भोपळे प्रत्येकाच्या छातीत आधीच दिलेले आहेत. त्यांना फुप्फुसं म्हणतात.

धडधाकट प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत पूर्ण भरल्यावर साधारण ५ ते ६ लिटर हवा मावते. आपण बसल्या बसल्या जो श्वास घेतो तो जेमतेम अर्ध्या लिटरचा असतो. पाण्यात असताना छातीत एक लिटर जास्त हवा म्हणजे सुमारे एक किलो जास्त उचल. छाती भरलेली असेल तर बहुतेक माणसं पाण्यावर तरंगतात आणि पूर्ण रिकामी केली तर बहुतेक जण खाली जातात. फरक केवळ काही लिटर हवेचा.

आता दुसरी बाजू बघा. माणसाचं डोकं चार ते पाच किलोचं असतं. पाण्यात असेपर्यंत हे वजन पाणी पेलतं. घाबरून डोकं वर काढलं की ते सगळं तुमच्या मानेवर आणि पायांवर येतं, पाय खाली जातात, शरीर उभं होतं. साठ किलोच्या माणसाचा एक हात तीन किलोच्या आसपास भरतो. "वाचवा" म्हणून हात वर केला तर ते ओझं वाढलं आणि ओरडलात तर छातीतली हवाही गेली. म्हणजे घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो ज्याने तो लवकर बुडेल.

उताणं पडल्यावर चित्र बदलतं. कान पाण्यात, डोक्याचं वजन पाण्यावर, नाक-तोंड हवेत. शिवाय गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभं असताना छातीवर पाण्याचा दाब पडतो आणि श्वास घ्यायला जोर लागतो. आडवं झालं की छाती पाण्याच्या वरच्या थरात येते, दाब कमी होतो. सारं शरीर श्वासासाठी अनुकूल होतं. आणि नेमकं तेव्हाच आपण पोराला सांगतो, "दम धर!"

दम धरल्यावर काय होतं?

श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. पोहताना स्नायू काम करतात, त्यामुळे हा वायू भराभर तयार होतो. तुम्ही श्वास धरून हात-पाय मारत राहिलात तर अर्ध्या मिनिटात छाती कोंडल्यासारखी होते. मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. मग माणूस घाईने, अर्धवट, उथळ श्वास घेऊ लागतो. आधीची हवा नीट बाहेर पडलेली नसते, म्हणून नवी हवा आत शिरायला जागा नसते. धाप वाढते, भीती वाढते, अंग ताठरतं, कंबर खाली जाते, तोंडावर पाणी येतं.

त्या मुलाला हेच होत होतं. याला दमा म्हणून पंप सुरू केला असता तर तो आयुष्यभर "छातीचा पेशंट" म्हणून वाढला असता.

म्हणून लक्षात ठेवा, पाण्यात श्वास घेण्याइतकंच श्वास सोडणं महत्त्वाचं आहे. नीट सोडला तर पुढचा आपोआप नीट आत येतो.

नाकात पाणी का जातं?

पालथं पोहताना नाकपुड्या खाली असतात. उताणं झाल्यावर त्या वर उघड्या असतात, दोन छोट्या वाट्यांसारख्या. जरा लाट आली, कुणी शेजारी मुटका मारला किंवा स्वतःच्याच हातावरून पाणी निथळलं की ते सरळ नाकात जातं. नाकातून घशात, घशातून श्वासनलिकेच्या तोंडाशी. तिथे पाण्याचे चार थेंब लागले तरी जोराचा ठसका येतो, कधीकधी स्वरयंत्र क्षणभर आवळलं जातं. उभ्या उथळ पाण्यात ठसका म्हणजे गंमत. दोन पुरुष खोल पाण्यात तो शेवट ठरू शकतो.

उपाय साधा आहे. श्वास तोंडाने घ्या आणि सावकाश नाकाने सोडा. बाहेर येणारी हवाच पाण्याला आत येऊ देत नाही. "तोंड वर असतं, मग काय शिकायचं" याला माझं उत्तर एवढंच की तोंड वर असतं तसं नाकही वरच असतं.

शिकायचं कसं?

खालच्या पायऱ्या कमरेएवढ्या, ओळखीच्या पाण्यात, शेजारी पोहता येणारा मोठा माणूस असताना करायच्या. एक पायरी सहज जमल्याशिवाय पुढची नाही.

१. घरी, गादीवर. उताणे पडा. एक हात पोटावर, एक छातीवर. तोंडाने श्वास घ्या, पोट वर आलं पाहिजे. मनात तीन आकडे मोजत नाकाने सोडा. छातीचा वरचा भागच हलत असेल तर श्वास उथळ आहे. चार दिवस रोज पाच मिनिटं करा.

२. पाण्यात उभे राहून. तोंडाने श्वास घ्या, तोंड पाण्यात घाला, नाकाने बुडबुडे सोडा. मूल हसत हसत दहा वेळा करेल तेव्हाच पुढे जा.

३. उताणं तरंगणं. मोठ्या माणसाचा तळहात मुलाच्या डोक्याखाली, दुसरा कमरेखाली. कान पाण्यात, हनुवटी किंचित वर, नजर आभाळाकडे, हात बाजूला पसरलेले, गुडघे सैल. पाय थोडे खाली गेले तर जाऊ द्या. सडपातळ माणसांचे जातातच. श्वास पूर्ण घ्या, थोडा वेळ छाती भरलेली असू द्या, सावकाश सोडा, लगेच पुढचा घ्या. कान पाण्यात असल्याने स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो. मुलाला तो ऐकायला सांगा. घाबरलेला श्वास आणि शांत श्वास यांतला फरक त्याला स्वतःलाच कळतो. आधाराचा हात मुलाला सांगून काढा, फसवून नाही.

४. फक्त पाय. हात अंगाशी, पाय कमरेपासून हलके हलवायचे. श्वासाची लय तीच.

५. हात. आता खरा बॅकस्ट्रोक. उजवा हात पाण्याबाहेर येऊन मागे जातो तेव्हा श्वास घ्या, डावा जातो तेव्हा सोडा. कुणाला उलटं सोयीचं वाटेल, हरकत नाही. महत्त्व लयीला आहे. हात थांबला तरी चालेल, श्वास थांबता कामा नये.

पाठदुखी, मानदुखीसाठी पोहणाऱ्या मोठ्या माणसांनाही हाच क्रम लागू आहे. श्वास धरून पोहलात तर मान-पाठ ताठ राहते आणि दुखणं घेऊन परत येता.

आपल्या भागात हे इतकं महत्त्वाचं का?

कुकडी प्रकल्पात माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव, वडज आणि डिंभे ही पाच धरणं आहेत. त्यांच्या कालव्यांनी शेतं हिरवी झाली, आणि पाणी घराच्या दाराशी आलं. विहिरी तर पूर्वीपासून आहेतच. २०१६ मध्ये "मागेल त्याला शेततळे" योजना आली आणि राज्यभर शेततळी वाढली.

विहिरीला पायऱ्या असतात, दगडाच्या खाचा असतात, पंपाचा पाइप असतो. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात धरायला काहीच नसतं. काठ उतरते, त्यावर शेवाळ, पाय टेकला की घसरतो. तिथे पट्टीचा पोहणाराही काठाशी धडपडून दमतो. अस्तर घातलेल्या कालव्याची तीच तऱ्हा आणि आवर्तन सुटलेलं असेल तर वर पाण्याचा ओढा. अशा ठिकाणी "जोरात हात मार" हा सल्ला कामाचा नाही. तिथे प्रश्न एकच असतो. कुणी दोर घेऊन येईपर्यंत तुमचं नाक-तोंड हवेत राहील का? दहा मिनिटं जोराने पोहणं दमवणारं आहे. दहा मिनिटं उताणं पडून श्वास घेणं सरावाने बऱ्याच जणांना जमू शकतं.

अचानक थंड पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात नसतो. आपोआप धापा लागतात. त्या मिनिटात पोहायची घाई करू नका. उताणे व्हा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग हाक मारा. वाहत्या कालव्यात असाल तर पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवा आणि हळूहळू तिरकं काठाकडे सरका. प्रवाहाच्या उलट पोहू नका.

आपल्या देशात दरवर्षी ३५ हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांतून दिसतं. त्यातली काही आमच्यासारख्या डॉक्टरांच्या टेबलावर येतात. ओलं अंग, ओले कपडे, सोबतीला सगळं गाव आणि करण्यासारखं काहीही उरलेलं नाही. नातेवाईक एकच वाक्य बोलतात, "डॉक्टर, त्याला पोहता येत होतं हो!"

येत असेल. विहिरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाणं म्हणजे पोहणं असं आपण ठरवलं आणि त्याला तेवढंच शिकवलं.

नेहमीचे आक्षेप

*"आम्ही असेच शिकलो. आम्हाला काय झालं?"* मीही तसाच शिकलो, पाठीला डबा बांधून, वरून ढकलला गेलेला. पण हे बोलायला आपण उरलो आहोत. जे उरले नाहीत ते आपलं म्हणणं खोडायला येत नाहीत. ढकलून दिलेलं मूल पहिली गोष्ट शिकतं ती श्वास धरणं. ती सवय मोडायला नंतर वर्ष जातं.

*"मुलांना पाण्याजवळ जाऊच देत नाही."* लहानग्यांच्या बाबतीत हे बरोबर आहे. शेततळ्याला कुंपण हवंच. पण बारा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर कुठे जातो हे तुम्हाला खरंच माहीत असतं का? जागतिक आरोग्य संघटनाही शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा असंच सांगते. शेजारच्या बांगलादेशात स्विमसेफ नावाच्या उपक्रमात गावच्या तळ्यातच बांबूचा मंच बांधून मुलांना शिकवतात. २५ मीटर पोहणं आणि ३० सेकंद तरंगणं, दोन्ही आलं तरच मूल तयार झालं असं मानतात. त्यांना तरणतलावाची वाट पाहावी लागली नाही, आपल्याला का लागावी?

*"मुलींना कशाला?"* कालव्यावर धुणं घेऊन कोण जातं? पाय घसरून आत कोण पडतं? आणि बाईला वाचवायला उतरलेली दुसरी बाईही पोहता न येणारीच असते. विहिरीवर पोरांची झुंबड असते आणि पोरी काठावर उभ्या असतात, हे मी अजूनही बघतो. निदान तरंगणं आणि श्वास एवढं तरी घरातल्या प्रत्येक बाईला आणि मुलीला यायला हवं.

*"दम साठवल्याने फुप्फुसं मजबूत होतात."* करोनानंतर हे खूळ फारच वाढलं. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, याच्या पैजा लागतात. काही जण आधी जोरजोरात दहा-वीस श्वास घेतात. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूची ती धोक्याची घंटा वाजतच नाही. ऑक्सिजन संपतो, मूल आवाज न करता बेशुद्ध होतं आणि वरच्यांना वाटतं, "काय दम आहे पोरात!" टीव्हीवर बॅकस्ट्रोकचे खेळाडू सुरुवातीला पाण्याखालून सुसाट जाताना दिसतात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये काही जणांनी या प्रकाराचा इतका वापर केला की त्यावर मर्यादा घालावी लागली. आज नियम १५ मीटरचा आहे. ते खेळाडू प्रशिक्षकांच्या नजरेखाली, काठावर जीवरक्षक असताना पोहतात. आपल्या विहिरीवर कोण असतं? पाण्याखालच्या पैजा आजपासून बंद.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं?

फिट येणाऱ्यांनी एकट्याने पाण्यात कधीच उतरू नये. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, हृदय कमजोर असेल तर परवानगीशिवाय नको, कारण पाण्यात उतरल्यावर हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो. दमा असलेल्यांनी पोहायला हरकत नाही, पण दमा आटोक्यात हवा आणि पंप काठावर हवा. जेवल्यावर लगेच उताणं पोहलात तर आम्लपित्त घशाशी येतं, दोन तास जाऊ द्या. साचलेल्या, कोमट, गढूळ पाण्यात नाकात पाणी जाऊ देणं टाळाच. क्वचित, पण मेंदूचा जीवघेणा संसर्ग त्यातून होतो.

आणि कुणी बुडालंच तर

तिथेही श्वासच पहिला. उलटं टांगणं, पोट दाबणं, गरगर फिरवणं हे सगळं बंद करा. पोटातलं पाणी काढून कुणी जगत नाही. उलट ते फुप्फुसात जातं आणि हातातली मोलाची मिनिटं वाया जातात. उताणं झोपवा. श्वास चालू नसेल तर नाक दाबून तोंडाने आधी ५ श्वास द्या. हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, हे चालू ठेवा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. आणि पोहता येत असलं तरी थेट उडी मारू नका. दोर, ट्रॅक्टरची ट्यूब, रिकामा कॅन, साडी, जे हाताशी असेल ते फेका.

शेततळं असलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. या आठवड्यात काठावर एका खुंटाला गाठी मारलेला जाड दोर बांधा आणि त्याचं दुसरं टोक पाण्यात सोडून ठेवा. चारही बाजूंना बांधलात तर उत्तम. कागदावर लाखो रुपये घातलेत, दोराला काही शे रुपये लागतील.

पोहायला शिकवणाऱ्यांना एवढंच सांगतो की पहिला आठवडा हात-पाय शिकवूच नका. आणि पालकहो, क्लासचं सर्टिफिकेट बघण्याआधी मुलाला एक प्रश्न विचारा, "पाच मिनिटं उताणा पडून श्वास घेत राहशील का?" त्याचं उत्तर त्याला पाण्यात देऊ द्या, तुम्ही शेजारी उभं राहून.

तो अकरा वर्षांचा मुलगा पावसाळ्यापूर्वी पुन्हा आला होता, कान दुखतोय म्हणून. कानात थेंब लिहून दिले आणि पोहण्याचं विचारलं. म्हणाला, "आता उताणा पडल्यावर झोप येते." त्याला म्हटलं, झोपू नकोस बाबा, श्वास मोजत राहा.